ऑपरेशन थिएटरमधला विनोद फ्रेममध्ये मोजताना

प्रश्न थोडक्यात असा: ‘द डॅफी डॉक’सारखी जुनी हॉस्पिटल-कार्टून्स पाहून, हाताने काढलेला साडेतीन मिनिटांचा विनोदी लघुपट करायचा आहे. गोष्ट सरकारी हॉस्पिटलच्या वॉर्डात घडते, चार नंबरच्या खाटेवर दम्याचा म्हातारा पेशंट आहे. ॲनिमॅटिक (स्टोरीबोर्डची चित्रं वेळेनुसार जोडून केलेला कच्चा पट) तयार आहे, पण तो दाखवला की कुणी हसत नाही. चुकतंय कुठे, आणि एकट्याने काम करायचं तर ड्रॉइंगचा हिशोब कसा धरायचा?

ॲनिमॅटिक पाहिलेला नाही, पण लक्षणं ओळखीची आहेत. प्रसंग चांगला असूनही हसू फुटत नाही तेव्हा दोष बहुतेक वेळा गॅगमध्ये, म्हणजे त्या विनोदी कृतीत, नसतो, त्याच्या आधीच्या पाच-सात सेकंदांत असतो. हॉस्पिटलमधला विनोद हा शिस्त मोडण्याचा विनोद आहे. राउंडची वेळ, केसपेपर, हात धुणं, हत्यारं ट्रेमध्ये ओळीने मांडणं, सगळ्याला तिथे क्रम असतो. हा क्रम पडद्यावर एकदा नीट दिसला नाही, तर तो मोडला हे कळायला प्रेक्षकाकडे काही आधारच उरत नाही. नवीन लोक पहिल्याच शॉटमध्ये धिंगाणा घालतात आणि मग तो वाढवायला जागा राहत नाही.

‘द डॅफी डॉक’ याच नजरेने बघा. २६ नोव्हेंबर १९३८ ला प्रदर्शित झालेला हा ‘लूनी ट्यून्स’ मालिकेतला ब्लॅक अँड व्हाइट कार्टूनपट. निर्माता लिऑन श्लेसिंजर, दिग्दर्शक बॉब क्लॅम्पेट, संगीत कार्ल स्टॉलिंगचं, डॅफी बदक आणि पोर्की डुक्कर या दोघांचाही आवाज मेल ब्लँकचा. लांबी सात मिनिटांच्या आसपास. ‘स्टिच इन टाइम’ नावाच्या हॉस्पिटलात डॉक्टर क्वॅक ऑपरेशन करतायत आणि डॅफी त्यांचा मदतनीस आहे. त्याचं डोकं फिरतं, भुलीच्या यंत्राची पिशवी तो बॉक्सिंगच्या पंचिंग बॅगेसारखी बडवायला लागतो, त्याची बाहेर हकालपट्टी होते आणि तो आयर्न लंगमध्ये (श्वास चालवणाऱ्या पिंपासारख्या यंत्रात) जाऊन अडकतो. तिथून सुटल्यावरही त्याचं अंग आळीपाळीने फुगत राहतं. मग हा इरेला पेटतो आणि स्वतःचा पेशंट शोधायला निघतो. धडधाकट पोर्की समोरून चाललेला असतो, त्याच्या टाळक्यात हातोडा घालून त्याला खाटेवर आणलं जातं. पुढे स्वतःच्याच डोक्यात हातोडा मारून घेऊन, दिसणाऱ्या आपल्याच प्रतिमांशी सल्लामसलत, मग करवत, मग पाठलाग, आणि शेवटी दोघेही आयर्न लंगमध्ये.

आधी ऑपरेशनचा प्रसंग घेऊ. सर्जनने हत्यार मागायचं, मदतनीसाने हातावर ठेवायचं, ही देवघेव म्हणजे तयार ताल आहे. तुमच्या शीटवर (फ्रेमवार हिशोबाच्या तक्त्यावर) ती अशी मांडा: मागणी १२ फ्रेम, हत्यार हातात पडणं ८, वापर आणि परत १६. एकूण ३६, म्हणजे सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगाने दीड सेकंद. ही देवघेव तीनदा अगदी तशीच होऊ द्या. तिसऱ्यांदा मागणीचे १२ चे १० केले तरी चालतील, पण ठेका तोच राहिला पाहिजे. चौथ्यांदा मागणी येण्याआधीच हत्यार हातात पडलं की पहिलं हसू येतं. एका देवघेवीत ठेका बसत नाही. पाच-सहा झाल्या तर प्रेक्षक तुमच्या पुढे पोचलेला असतो. तीन पुरतात.

भुलीच्या पिशवीचं एक तांत्रिक अंग इथेच सांगतो, कारण नव्वदीच्या आजी-आजोबांपासून विद्यार्थ्यापर्यंत कुणालाही चित्रात ती चूक नकळत खटकते. रुग्ण आपणहून श्वास घेत असेल तर छाती वर येते तेव्हा पिशवी आत बसते, आणि छाती खाली जाते तेव्हा पिशवी फुगते. हवा छाती आणि पिशवी यांच्यात इकडून तिकडे जाते. हौशी कामात दोन्ही एकदम फुगवलेली दिसतात, आणि मग ती पिशवी म्हणजे बाजूला लटकवलेला नुसता फुगा वाटते, रुग्णाशी तिचं नातं राहत नाही. नातं दिसलं तरच तिला गुद्दा मारण्यात मजा आहे, कारण मार पिशवीला बसला तरी दचकतो आपण रुग्णासाठी.

या श्वासाचं चक्र ७२ फ्रेमचं ठेवा: श्वास आत २८, बाहेर ३६, मधली उसंत ८. मिनिटाला २० श्वास झाले. यासाठी ३६ ड्रॉइंग काढत बसू नका. आठ ड्रॉइंग काढा आणि तीच जाताना-येताना वापरा, टोकांजवळ एक-एक ड्रॉइंग सहा फ्रेम थांबवा, मधली तीन-तीन फ्रेमवर पळवा. संथ हालचाल असल्याने डोळ्याला खटकत नाही. गुद्द्यांच्या वेळी मात्र पिशवी दर सहा फ्रेमला एक ठोसा खाते असं धरा. संगीताचा ठेका १२ फ्रेमचा असेल, म्हणजे मिनिटाला १२० मात्रा, तर प्रत्येक मात्रेत दोन ठोसे बसतात. ७२ चं चक्र सहाने आणि बाराने दोन्हीने भागलं जातं. शांत श्वासातून मारामारीत जाताना ठेका कुठेही अडखळत नाही, याचं कारण हा भागाकार. संगीताची मात्रा फ्रेममध्ये मोजून चित्र आणि वाद्यवृंद दोघांना एकाच पट्टीवर आणण्याची ही पद्धत हॉलिवूडच्या कार्टूनवाल्यांची, आणि स्टॉलिंगचं नाव तिच्याशी कायमचं जोडलेलं आहे. चित्र पूर्ण झाल्यावर संगीत ‘लावायला’ दिलं की हा फायदा हातचा जातो. आधी मात्रा ठरवा, मग शीट भरा.

आता आयर्न लंग. हे यंत्र हार्वर्डच्या फिलिप ड्रिंकर आणि लुई शॉ यांनी तयार केलं आणि १९२८ मध्ये बोस्टनच्या मुलांच्या हॉस्पिटलात पहिल्यांदा वापरलं गेलं. रुग्णाचं डोकं बाहेर, मानेभोवती घट्ट रबरी कॉलर आणि बाकी सगळं अंग धातूच्या बंद पिंपात. पंप पिंपातली हवा खेचतो, आतला दाब उतरतो, छाती आपोआप उघडते आणि नाकातोंडातून हवा आत येते. पोलिओने श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्यांसाठी हे यंत्र म्हणजे जीवच होतं. १९३८ मध्ये अमेरिकेत पोलिओची दहशत घरोघरी होती, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना स्वतःला या आजाराचं निदान झालेलं होतं, आणि त्याच वर्षी पोलिओविरुद्धची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. थिएटरमध्ये बसलेल्या प्रत्येकाला ते पिंप काय करतं हे ठाऊक होतं. म्हणून क्लॅम्पेटला ते समजावून सांगण्यात एक सेकंदही घालवावा लागला नाही. ही सवलत तुम्हाला नाही, त्यावर पुढे येतोच.

गॅगची खरी कल्पना अशी की डॅफी यंत्रातून सुटतो पण यंत्राचा ठेका त्याला सोडत नाही. पंप बंद, तरी अंग चालूच. हे करायला अवघड आहे, कारण फुगणं आणि मोठं होणं यात फरक आहे. एक भाग नुसता स्केल करून मोठा केला की तो जवळ आल्यासारखा दिसतो, फुगल्यासारखा नाही. फुगणारा भाग आधी किंचित आकसला पाहिजे, त्याची बाह्यरेषा ताणून गोल व्हायला हवी, आणि सांध्याजवळ (मान, घोटा, मनगट) ती बारीकच राहिली पाहिजे. सांधा बारीक राहिला की आत हवा कोंडलीय हे कळतं. फ्रेमचा हिशोब असा धरता येईल: आकसणं ४, फुगणं ६, टोकाला जाऊन थोडं मागे येणं ४, थांबा ८, ओसरणं ६, उसंत ८. बेरीज ३६, म्हणजे १२ च्या ठेक्यात बरोबर तीन मात्रा. मधला ८ फ्रेमचा थांबा कापायचा मोह होतो. कापू नका. हसू त्या थांब्यावर येतं, फुगताना प्रेक्षक नुसता बघत असतो.

दुसऱ्या अवयवाच्या वेळी हेच चक्र २८ वर आणा, तिसऱ्याला २० वर. पात्राने फुगलेला भाग दोन्ही हातांनी दाबून धरला की हवा दुसरीकडे जाते, अशी कार्यकारणाची दोरी बांधली तर प्रत्येक वाढ पात्राच्याच धडपडीतून येते. नुसतं आधी डोकं, मग पाय, मग शेपूट असं एकामागून एक दाखवलं तर ती यादी होते. आणि दोन पात्रं एकाच यंत्राने फुगणार असतील, तर दोघांची चक्रं अर्ध्याने मागेपुढे ठेवा, ३६ च्या चक्रात १८ ने. एकदम फुगली तर चित्र धडधडतं, आळीपाळीने फुगली तर दोघांत हवेची देवघेव चाललीय असं वाटतं.

डॅफी काळा आहे हे विसरू नका. ब्लॅक अँड व्हाइट चित्रात काळ्या अंगाच्या आतल्या रेषा दिसतच नाहीत. हात पोटासमोर आला की हरवला. म्हणून त्याची प्रत्येक पोज सावलीवरून ओळखू येईल अशी लागते: कोपर अंगापासून सुटं, चोच बाजूला, बोटं पसरलेली. तुमच्या पात्राला निळा-पांढरा गणवेश असला तरी ही परीक्षा घ्याच. प्रत्येक मुख्य पोजचा थर (लेयर) पूर्ण काळा भरा आणि काय चाललंय ते कळतंय का बघा. हॉस्पिटलच्या पार्श्वभूमीची अडचण उलटी असते. पांढरी भिंत, पांढरी चादर, पांढरा कोट, आणि त्यावर पात्र दिसेना. भिंत आणि चादर ३० ते ४० टक्के करडी करा, शुद्ध पांढरा फक्त कोटाला आणि डोळ्यांना ठेवा. रंगीत काम असेल तर सरकारी भिंतीचा खालचा अर्धा भाग ऑइलपेंटचा फिकट हिरवा असतोच, त्याचा उपयोग करून घ्या. पात्रांचे पाय आणि खाटांच्या चौकटी त्यावर छान उठून येतात.

प्रतिमांशी सल्लामसलतीच्या प्रसंगासाठी त्या काळी एकच फिल्म कॅमेऱ्यातून दोनदा काढून अर्धपारदर्शक आकृती मिळवत. आज तोच परिणाम थराची अपारदर्शकता ५० टक्के करून मिळतो, पण एक गोम आहे: पात्राचे हात, डोकं, अंग वेगवेगळ्या थरांवर असतील तर ५० टक्के केल्यावर सांध्यांजवळ दोन थर एकमेकांवर दिसतात आणि मानेत गडद डाग येतो. आधी सगळे थर एकत्र करा, मग पारदर्शक करा.

कथेच्या बाजूने आणखी दोन हॉस्पिटलपट शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. फ्लायशर स्टुडिओचा पॉपाय मालिकेतला १९३७ चा ‘हॉस्पिटलिकी’: ऑलिव्ह नर्स आहे, तिच्या सहवासासाठी पॉपाय आणि ब्लूटो दोघेही जखमी होऊन भरती व्हायच्या मागे लागतात, आणि काही केल्या दोघांनाही काही होत नाही. शेवटी पॉपाय स्वतःची ताकद देणारी पालकाची भाजी ब्लूटोला खाऊ घालतो, म्हणजे तो मनसोक्त मार देईल. अख्ख्या मालिकेचा नियम एका चमच्यात उलटा केलाय. आणि १९८९ चा रॉजर रॅबिटचा ‘टमी ट्रबल’: तान्हा हर्मन खुळखुळा गिळतो, रॉजर त्याला हॉस्पिटलात घेऊन पळतो, तिथे खुळखुळा बाहेर येतो आणि रॉजरच्याच पोटात जातो, मग ऑपरेशनच्या टेबलावर रॉजर. हा रंगीत आणि महागडा आहे, वेग अंगावर येईल इतका आहे. माझ्या मते ‘हॉस्पिटलिकी’ कथेत या तिघांत सगळ्यात घट्ट आणि ‘टमी ट्रबल’ ड्रॉइंगमध्ये सगळ्यात श्रीमंत. शिकायला मात्र ‘डॅफी डॉक’च बरा, कारण त्याच्या शिवणी दिसतात.

तिन्ही पटांत एक गोष्ट समान आहे. ज्याच्यावर सगळं बेततं तो माणूस मुळात आजारी नाही. पोर्की ठणठणीत आहे, पॉपाय आणि ब्लूटो ठणठणीत आहेत, रॉजर दुसऱ्याला घेऊन आलाय. धडधाकट माणूस चुकून खाटेवर गेला की प्रेक्षक मोकळेपणाने हसतो. खरोखर दुखत असलेल्या माणसावर गॅग केला की हसू घशात अडकतं. तुमच्या वर्णनात चार नंबरच्या खाटेवरचा म्हातारा दम्याचा पेशंट आहे. ॲनिमॅटिक थंड पडण्याचं एक कारण मला तिथेच दिसतं. त्याला पेशंट ठेवू नका. डबा घेऊन आलेला, वाट बघता बघता रिकाम्या खाटेवर टेकलेला नातेवाईक करा. बाकी काहीही बदलू नका, तेच प्रसंग हलके होतील.

यंत्राचंही तसंच. आयर्न लंग आजच्या मराठी प्रेक्षकाने पाहिलेलं नाही, ते समजावण्यात तुमचे वीस सेकंद जातील. व्हेंटिलेटर आणि ऑक्सिजन सिलिंडर सगळ्यांना माहीत आहेत, पण २०२१ नंतर त्यांच्यावर विनोद करू नये असं माझं मत आहे, घरोघरच्या आठवणी ताज्या आहेत. बीपीचा पट्टा घ्या. तो सगळ्यांनी दंडाला बांधून घेतलाय, तो फुगतो, त्याला रबरी बल्ब आहे, आणि त्याचा आवाजही ओळखीचा आहे. डिजिटल मशीन नको. जुनं, उभ्या पेटीतलं पाऱ्याचं यंत्र काढा. चढणारी पाऱ्याची रेघ लांबूनही वाचता येते, डिजिटलचे आकडे वाचायला क्लोजअप कापावा लागतो आणि ठेका तुटतो.

प्रसंग असा बांधता येईल. आधी सिस्टर तीन नंबरच्या खाटेवर बीपी घेतात. पट्टा गुंडाळणं ४८ फ्रेम, बल्बचे चार दाब प्रत्येकी १२ चे म्हणजे ४८, हवा सोडणं ३६, केसपेपरवर लिहिणं आणि मान हलवणं ३६. एकूण १६८ फ्रेम, सात सेकंद, त्यात एकही विनोद नाही. प्रत्यक्षात हवा सेकंदाला दोन-तीन मिलिमीटर पाऱ्याच्या हिशोबाने सोडतात आणि त्यालाच अर्धा मिनिट जातो, पण पडद्यावर ३६ फ्रेमचा फुस्स पुरतो. हे सात सेकंद कापायला अनेक जण सांगतील. ऐकू नका, पुढचं सगळं यांच्या जिवावर आहे.

सिस्टर जातात. वॉर्डबॉय मामा इकडेतिकडे बघतात (४०), चार नंबरवर टेकलेल्या नातेवाइकाला पट्टा बांधतात. या वेळी ३२ फ्रेमच, कारण कृती आता प्रेक्षकाला पाठ आहे. चार दाब ४८. पट्टा फुगत नाही. पाचवा दाब १२. काहीच नाही. १४ फ्रेम दोघेही पट्ट्याकडे बघत स्तब्ध. मग चादरीखालचा डावा पाय फुगतो: ६ फुगणं, ४ सावरणं, १६ थांबा. झाले १७२, पुन्हा साधारण सात सेकंद. ‘मामा, हे काय?’ एवढाच संवाद, तोही थांबा संपल्यावर. त्यावर बोलणं चढवलं तर थांबा वाया जातो. मामा पाय दाबतात तर मिशी फुलते, मिशी दाबतात तर पोट, आणि प्रत्येक वेळी पेटीतला पारा एक घर वर. पुढची चक्रं २६, २०, १४ अशी उतरवा. दहाच्या खाली जाऊ नका. कार्टून-दिग्दर्शक टेक्स एव्हरीचा हिशोब असा होता की डोळ्याला एखादी कृती कळायला पाच फ्रेम पुरतात, पण ते वरून पडणाऱ्या ऐरणीसारख्या एका ठसठशीत आकाराबद्दल खरं आहे. माणसाच्या चेहऱ्यावरचा बदल वाचायला त्याहून जास्त लागतात.

पाठलागात हॉस्पिटलचा कॉरिडॉर येणारच, आणि तिथे बहुतेकांना फरशी बुडवते. समजा चित्र १९२० पिक्सेल रुंद आहे आणि पार्श्वभूमी एका सेकंदात एक पडदाभर सरकते. म्हणजे फ्रेमला ८० पिक्सेल. फरशीही ८० पिक्सेलची असेल, तर प्रत्येक फ्रेमला पुढची फरशी आधीच्या जागी येऊन बसते आणि जमीन थिजल्यासारखी दिसते, वरचे दरवाजे मात्र पळतायत. थोडा फरक असेल तर फरशी उलटी पळते. उपाय असा की फ्रेममागची सरक फरशीच्या अर्ध्यापेक्षा कमी ठेवा, म्हणजे इथे फरशी किमान १७० पिक्सेलची करा, किंवा पळापळीच्या शॉटमध्ये फरशीच्या उभ्या रेषा पुसून नुसते आडवे फराटे ठेवा. दुसरा घोळ पायांचा. पार्श्वभूमी प्रत्येक फ्रेमला सरकते आणि पात्र दोन-दोन फ्रेमवर (एक ड्रॉइंग दोन फ्रेम ठेवून) काढलेलं असतं, तेव्हा जमिनीवर टेकलेला पाय थरथरतो. सरकत्या शॉटमध्ये पात्र एक-एक फ्रेमवर काढा. जमत नसेल तर कंबरेपासून वरचाच भाग दाखवा, किंवा पाय गोल भिंगरीसारखे फिरवा.

आता हिशोब. साडेतीन मिनिटं म्हणजे २१० सेकंद, ५,०४० फ्रेम. ३५ मिलिमीटरच्या जमान्यात हेच फुटांत मोजत, एका फुटात १६ फ्रेम, मिनिटाला ९० फूट. सात मिनिटांचा पट म्हणजे ६३० फूट आणि १०,०८० फ्रेम. तुमच्या २१० पैकी १० सेकंद नामावळीला, ७० सेकंद असे जिथे पात्र थांबलेलं आहे आणि फक्त पापणी किंवा तोंड हलतं, ११० सेकंद दोन-दोन फ्रेमवर, २० सेकंद एक-एक फ्रेमवर. ड्रॉइंग होतात अनुक्रमे: थांब्यांची साधारण २८०, दोनवरची १,३२०, एकवरची ४८०. एकूण २,०८०. यात एका वेळी एकच पात्र हलतं असं धरलंय. दोघे एकदम हलतात अशा शॉटसाठी आणखी सातशे धरा. म्हणजे २,८०० च्या घरात. यातला तिसरा हिस्सा मुख्य आणि मधल्या टप्प्याची ड्रॉइंग, बाकी इनबिटवीन, म्हणजे त्यांच्यामधली भरीची ड्रॉइंग. साफ रेघ आणि रंग धरून दिवसाला २८ ड्रॉइंग हातून उतरली तर शंभर कामाचे दिवस. स्टोरीबोर्ड, पार्श्वभूमी आणि आवाज यांचे दिवस वेगळे. हा आकडा बघून छाती दडपली तर लांबी कमी करा, ड्रॉइंग नको. अडीच मिनिटांचा भरलेला पट साडेतीन मिनिटांच्या विरळ पटापेक्षा बरा.

ओपनटूंझ हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर वापरा. फुकट आहे आणि त्यातली एक्स-शीट (फ्रेमचा तक्ता) जुन्या कागदी शीटसारखी उभी आहे, त्यामुळे वर दिलेले आकडे थेट ओळींमध्ये उतरतात. आडव्या टाइमलाइनवर ८ आणि १० फ्रेममधला फरक नजरेतून निसटतो.

जुने पट फ्रेमने मोजताना प्रत कुठली आहे ते आधी बघा. श्लेसिंजरच्या काळातले अनेक ब्लॅक अँड व्हाइट पट १९६० च्या दशकाच्या शेवटी कोरियात पुन्हा गिरवून रंगीत केले गेले. गिरवताना मधली बरीच ड्रॉइंग गाळली, त्यामुळे त्या प्रतींवरून टायमिंग शिकणं म्हणजे चुकीचं शिकणं. रंगीत प्रत दिसली की बाजूला ठेवा. युरोपीय डीव्हीडीवरून आलेली प्रत सेकंदाला २५ फ्रेमने चालते, ती चार टक्के वेगवान असते. आणि ३० फ्रेमच्या प्रतीत चारामागे एक फ्रेम दोनदा येते, तिथे १२ मोजलेत तर खरे दहाच्या आसपास असतात. व्हीएलसी प्लेअरमध्ये ‘ई’ दाबलं की एकेक फ्रेम पुढे जाते, कागदावर रकाने पाडून मोजा. तुमचा पट बाहेर काढतानाही २४ चाच काढा. ३० ला काढलात तर दोनवर केलेली सगळी हालचाल अडखळत चालल्यासारखी दिसेल.

आवाजाबद्दल दोन पद्धती होत्या. वॉर्नरच्या कार्टून्समध्ये संवाद आधी रेकॉर्ड होत आणि ओठ त्यावर बसवले जात. फ्लायशरकडे १९३० च्या दशकात बरेचसे आवाज चित्र झाल्यावर दिले जात, म्हणून पॉपायचं ते ओठ न हलवता पुटपुटणं. तुम्ही दोन्ही करा. सिस्टरांचे आणि नातेवाइकाचे मोजके संवाद आधी, मामांची पुटपुट नंतर. ओठांचं ड्रॉइंग आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी आलं तर स्वाभाविक वाटतं, नंतर आलं तर डब केल्यासारखं. धडकेचा आवाज मात्र चित्रातल्या टेकण्याच्या फ्रेमवर किंवा त्यानंतर एका फ्रेमने, आधी कधीच नाही. पट्ट्याच्या बल्बसाठी खरा बल्ब रेकॉर्ड केला तर तो फार बारीक ऐकू येतो. सायकलच्या जुन्या भोंग्याचा रबरी चेंडू, भोंगा काढून, माइकजवळ दाबा. फुगण्याला ओल्या बोटाने घासलेला फुगा, आणि हवा सोडण्याला प्रेशर कुकरची शिट्टी नको, ती लगेच स्वयंपाकघरात नेते. टायरचा वॉल्व्ह दाबून सोडलेली हवा घ्या, ती ३६ फ्रेममध्ये हळूहळू उतरवता येते.